दुकानात ऐकलेला गंधार आणि सील पॅक डबा

दुकानात कानाला लावून ऐकले ते बड्स, म्हणजे कानात घालायचे बिनवायरचे इअरफोन, वेगळे आणि पिशवीत घालून घरी आणले ते वेगळे. माझी फसवणूक एवढीच. पण ती होत असताना मी समोर बसले होते, दोन जोड्या नीट पारखून घेत होते आणि तरीही फसले. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीआधीची, पुण्यातल्या भर वस्तीतल्या एका मोबाइलच्या दुकानातली. मी नोकरी सांभाळून गाणं शिकते. बाईंनी दिलेली तालीम फोनवर रेकॉर्ड करून ठेवते आणि रोज वनाज ते रामवाडी मेट्रोत ऐकते. जाता-येता मिळून सव्वा तास तरी होतो, आणि घरात एवढा निवांत वेळ मला मिळत नाही. जुने वायरचे इअरफोन एका बाजूने बंद पडले तेव्हा ठरवलं, या वेळी चांगलं काही घ्यायचं. मेट्रोत एसीची घरघर आणि घोषणा सतत चालू असतात, त्यामुळे नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा आवाज अडवायची सोय, हवंच होतं. अ‍ॅपलचे एअरपॉड्स प्रो, दुसऱ्या पिढीचे, तेव्हाची छापील किंमत २४,९०० रुपये. एवढे पैसे काढणं जड होतं. ऑफिसातल्या एकीने या दुकानाचं नाव सांगितलं, तिथे निम्म्या किमतीत मिळतात म्हणाली.

मी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, ‘ओरिजिनल आहेत ना?’ उत्तर आलं, ‘शंभर टक्के ओरिजिनल, ताई. दुबईचा माल. ११,५०० पडतील. बिल हवं असेल तर वर जीएसटी लागेल.’

इथेच मी थांबायला हवं होतं. छापील किंमत सगळे कर धरूनच असते, त्यावर वेगळा जीएसटी लागत नाही. ‘बिल घेतलंत तर महाग पडेल’ याचा अर्थ त्या मालाची कुठेच नोंद नाही. पण माझं सगळं लक्ष वाचणाऱ्या पैशांकडे होतं.

दुकानदार बोलायला अगदी मऊ. त्याने काउंटरवर दोन जोड्या ठेवल्या, एक चार हजारांच्या आसपासची साधी आणि एक एअरपॉड्स प्रो. ‘घाई नाही ताई, तुमचंच गाणं लावून बघा.’ मी माझ्या फोनवरचं तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं, काळी चार या पट्टीचं. तानपुरा नीट जुळलेला असला की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराच्या, तारेतून आपोआप गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, उमटतो. तो कोणी छेडलेला नसतो, तारेच्या मूळ स्वरात मिसळलेल्या सूक्ष्म स्वरांशातूनच येतो. साध्या जोडीत खर्ज ऐकू आला, पण त्याच्या आत काहीच नव्हतं. एअरपॉड्स कानात घातले आणि तिसऱ्या आवर्तनाला तो गंधार अलगद वर आला. जवारीची, म्हणजे तार घोडीला घासून उमटणारी, बारीक झणझण वेगळी, पंचम वेगळा, सगळं आपापल्या जागी. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते ते जणू पुढच्या चौकात गेले. पंधरा मिनिटं बसले तरी कानात काही टोचलं नाही.

मी म्हटलं, हेच द्या. तो म्हणाला, ‘हा डेमो पीस आहे ताई, वापरलेला कशाला देऊ तुम्हाला? सील पॅक देतो.’ आणि काउंटरखाली वाकून प्लास्टिक चढवलेला नवा डबा काढला. मला तेव्हा त्याचा प्रामाणिकपणाच वाटला. यूपीआयने पैसे दिले. स्क्रीनवर दुकानाच्या नावाऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं, तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं.

डब्यावर चढवलेलं प्लास्टिक म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. पातळ प्लास्टिक गुंडाळून गरम हवा मारली की ते आवळून बसतं, कोणीही करू शकतं. सील पॅक असल्याने माल अस्सल ठरत नाही, उलट तो दुकानात उघडून पाहायला तुम्हालाच संकोच वाटतो.

माझा फोन अँड्रॉइड. घरी आल्यावर ब्लूटूथच्या यादीत ‘एअरपॉड्स प्रो’ हे नाव दिसलं आणि मी निश्चिंत झाले. वास्तविक ब्लूटूथवर दिसणारं नाव बनवणारा हवं ते ठेवू शकतो. तानपुरा लावला. खर्ज गडगडत आला, टेबलावर डबा वाजवावा तसा. जवारी गेली, गंधार तर नाहीच. वाटलं, रेकॉर्डिंग दाबलं गेलं असेल. मग वाटलं, सर्दीने माझे कान बसलेत. चार दिवस मी वस्तू सोडून बाकी सगळ्यांवर संशय घेत होते.

कानाचं दुखणं मात्र खोटं नव्हतं. बड्सच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडावर प्लास्टिकची एक बारीक कड राहिली होती. बोटाने सहज जाणवत नसे, पण कानाच्या खळग्यात तीच घासायची. वीस मिनिटांत तिथे लाल व्हायचं. सिलिकॉनची टोपी जाड आणि कडक. गुणगुणायला तोंड उघडलं की डावा बड सुटून खांद्यावर. नॉइज कॅन्सलेशनसाठी बडची दांडी दाबली की ‘टुंग’ असा आवाज यायचा आणि एसीची घरघर होती तशीच राहायची. मग मी आवाज वाढवायची. रामवाडीला उतरेपर्यंत कानात शिट्टी वाजत असायची. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आवाज वाढला की ही मर्यादा झपाट्याने खाली येते. नकली बड्सने पैशांचं नुकसान होतं ते होतंच, पण बाहेरचा आवाज अडत नाही म्हणून आपण रोज थोडं थोडं कानांचंही करून घेतो. गाणाऱ्या माणसाला हे फार लागतं. हेच बड्स लावून आईशी फोनवर बोलले, तर तिने विचारलं, ‘विहिरीतून बोलतेयस का गं?’

रविवारी भाची आली. तिच्याकडे आयफोन आणि स्वतःचे अस्सल एअरपॉड्स प्रो. माझी बड्स ठेवायची, चार्जिंगची डबी तिने आपल्या फोनजवळ उघडली आणि स्क्रीनवर सूचना आली, हे अस्सल एअरपॉड्स असल्याची खात्री करता आली नाही. ती म्हणाली, ‘मावशी, बिल दे बघू.’ मी गप्प.

मग आम्ही दोघी जमिनीवर बसून दोन्ही जोड्या शेजारी ठेवून तपासत बसलो. तिच्या बड्समध्ये पंख्याचा आवाज दांडी दाबताच नाहीसा व्हायचा आणि मिक्सरची नुसती कुरकुर उरायची. माझ्यात पंखा होता तसाच. तिच्या टोप्या ‘टक’ करून बसायच्या, माझ्या नुसत्या ओढून बसवायच्या. तिच्या बड्सला कुठे जोड हाताला लागत नव्हता. माझी डबी चार्जिंगला लावली की अर्ध्या तासात कोमट व्हायची, तिची नाही. संध्याकाळी ओळखीच्या सराफाकडे जाऊन एकेक बड काट्यावर ठेवला. कंपनी एका बडचं वजन ५.३ ग्रॅम सांगते, भाचीचा तेवढाच भरला. माझा ४.१.

सगळ्यात धक्का बसला तो अनुक्रमांकाचा. झाकणाच्या आत छापलेला क्रमांक आम्ही कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला आणि तो बरोबर निघाला! कुठल्यातरी खऱ्या डबीचा क्रमांक उचलून हजारो नकली डब्यांवर छापतात. त्यामुळे क्रमांक जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यापेक्षा डब्याच्या मागे आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, रुपयांतली छापील किंमत आणि ग्राहक सेवेचा क्रमांक आहे का ते पाहा. कायद्याने हे छापणं सक्तीचं आहे. माझ्या डब्यावर यातलं काहीही नव्हतं. आणि जवळ आयफोनवाला कोणी असेल तर त्याला दुकानात सोबत न्या. सील तिथेच फोडायला लावा. जो पीस घरी न्यायचा, तोच कानाला लावून ऐका. दुकानदार नाही म्हणाला तर तसेच उठून बाहेर पडा.

सोमवारी दुकानात गेले. तोच माणूस, पण आवाजातला मऊपणा गेलेला. ‘हा माझा माल नाही. तुम्हीच बदलून आणलात कशावरून?’ बिल नाही, म्हणून माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारी एक मुलगा तोच डेमो पीस कानाला लावून बसला होता. मी त्याला मोठ्याने सांगितलं, ऐकतोयस ते घरी मिळणार नाही. तो उठला. तेवढं एक समाधान.

घरी येऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली. पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला. आधी ‘बिल आणा’ म्हणाले. मग मी व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि यूपीआयच्या व्यवहाराची तारीख-वेळ, दोन्ही छापून पुढे ठेवलं. तेव्हा अर्ज घेतला आणि पोच दिली. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे आणि बनावट चिन्ह लावलेला माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली वेगळा गुन्हा आहे, हे मी अर्जात लिहिलं होतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत ती करता येते. बिल नसलं तरी पैसे दिल्याचा आणि बोलण्याचा पुरावा मोलाचा असतो, म्हणून असे संदेश कधी पुसू नका. तोंडी विचारण्यापेक्षा लेखी विचारा, ‘ओरिजिनल आहे ना?’

चौकीतून फोन गेल्यावर दोन दिवसांनी दुकानदाराचा मला फोन आला. ‘ताई, वाद कशाला? पूर्ण पैसे देतो. फक्त डबा जसा होता तसा आणून द्या, आतल्या कागदांसकट.’

मला ११,५०० रुपये हवे होते, अजूनही हवे आहेत. पण तो डबा त्याला कशासाठी हवा होता, हे कळायला मला वेळ लागला नाही. त्यावर पुन्हा प्लास्टिक चढलं असतं आणि तो पुन्हा काउंटरखाली गेला असता, त्या मुलासारख्या कुणासाठी तरी. मी नाही म्हटलं. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली आहे. पुराव्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर तो डबा आहे आणि दुसऱ्यावर त्याचा संदेश, ‘शंभर टक्के ओरिजिनल, ताई.’