हॉलिडे मेंबरशिप: दीड वर्ष वापरल्यानंतरचा हिशोब

खोल्यांबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगतो. कूर्गला रूम प्रशस्त आणि स्वच्छ होती, मुलं पूलमधून बाहेर यायला तयार नव्हती. तक्रार आहे ती पैशांची.

आमची मेंबरशिप 25 वर्षांची, कंपनीच्या रिसॉर्टमध्ये वर्षाला सात रात्री, किंमत 3 लाख 60 हजार. प्रेझेंटेशनमध्ये सेल्समनने कागदावर भागाकार मांडला होता: वर्षाला 14,400, म्हणजे रात्रीला दोन हजारांच्या आसपास. त्या कागदावर वार्षिक शुल्काचा पत्ता नव्हता. ते सध्या 16,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 18,880. फिरायला जा नाहीतर घरी बसा, भरावंच लागतं. थकलं की बुकिंग बंद. महागाईनुसार ते वाढवायची मुभा करारात कंपनीला आहे, वरची मर्यादा मात्र कुठेच नाही.

आता माझा भागाकार बघा. हेच 3 लाख 60 हजार 7 टक्क्यांनी एफडीत टाकले तर वर्षाला 25,200 व्याज, आणि मुद्दल शाबूत. त्यात 18,880 मिळवले की 44,080. सात रात्रींनी भागा: रात्रीला जवळपास 6,300. ज्यांनी हप्त्यांवर घेतली त्यांचा आकडा आणखी वर. पावसाळ्यात त्याच रिसॉर्टची रूम बुकिंग साइटवर नाश्त्यासकट साडेपाच हजारांना दिसत होती, कोणालाही!

जेवण वेगळं. रिसॉर्ट गावापासून लांब, बाहेरचं खाणं आत आणायला बंदी, बुफेचे दर शहरातल्या हॉटेलसारखे. रूममध्ये किचनेट आहे म्हणून बायकोने पोहे आणि छोटा कुकर सोबत घेतला होता. किचनेट म्हणजे मायक्रोवेव्ह, किटली आणि चार बश्या निघाल्या. कुकर बॅगेतच राहिला.

सगळ्यात मोठी मेख सीझनची, म्हणजे वर्षातल्या कोणत्या दिवसांत जाता येतं त्याची. आमचा स्वस्तातला सीझन. त्यात दिवाळी, नाताळ आणि मे महिना बसतच नाही. शाळकरी मुलं असलेल्या घराला उरलं काय? मधले वार आणि जोडून आलेली एखादी सुटी. त्या सुटीला तर सगळे टपलेले असतात, बुकिंग उघडलं की महाबळेश्वर, गोवा संपलेलं. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी घेता येतात, पण त्या वर्षाचं शुल्क गेलं ते गेलं. परदेशातल्या रिसॉर्टशी अदलाबदल करायची तर त्याची फी निराळी.

बाहेर पडणं अवघड. आमच्या करारात पूर्ण परताव्याची मुदत 10 दिवसांची, तीही वेलकम किट घरी येईपर्यंत जवळपास सरली होती. विकायला काढली तर निम्म्या किमतीलाही गिऱ्हाईक नाही, वर ट्रान्सफर फी. काही क्लब ठरावीक वर्षांनी पैसे परत द्यायचं आमिष दाखवतात. तिथे तर उभंही राहू नका. अशाच पॅनकार्ड क्लब्जची योजना बाजार नियामक सेबीने 2016 मध्ये बेकायदा सामूहिक गुंतवणूक ठरवली, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचे पैसे त्यात अडकले.

घेणारच असाल तर सेल्समनचं प्रत्येक तोंडी आश्वासन ईमेलवर मागा. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. "तुमची मेंबरशिप विकून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा" असे फोन मलाही सुरू झालेत. नंबर ब्लॉक करतो. दुसऱ्या दिवशी नवा नंबर, तीच स्क्रिप्ट.