फोल्डिंग सायकल + नंबरांच्या पाट्या: बेल्जियमचे किल्ले आणि खेडी फिरल्यावरचा अनुभव (मागच्या चाकाच्या भांडणासकट)

मागचं चाक नवीन बसवून सायकल परवा परत मिळाली, म्हणून आता लिहितेय. आधी लिहिलं असतं तर नुसता संताप उतरला असता. २० इंची चाकं, ७ गिअर, ॲल्युमिनियमची फ्रेम वगैरे माहिती सगळीकडे आहे, ती परत देत नाही. ब्रँडचं नाव पण देत नाही, कारण साडेचारशे युरोच्या आसपासच्या सगळ्याच फोल्डिंग सायकलींचं मागचं चाक साधारण याच लायकीचं असतं असं माझं आता ठाम मत झालंय.

आधी घेतली कशासाठी ते सांगते. आम्ही ल्युवेनला राहतो, गाडी घेतलेली नाही आणि घ्यायचीही नाही, इन्शुरन्स आणि पार्किंगमध्ये जाणाऱ्या पैशात वर्षभर फिरून होतं. बेल्जियममधले चांगले किल्ले आणि जुनी गावं स्टेशनच्या दारात नसतात, पाच-दहा-पंधरा किलोमीटर आत असतात, चालायला लांब आणि रविवारी खेड्यातल्या बसची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो. इथल्या ट्रेनमध्ये साध्या सायकलला वेगळं तिकीट लागतं, घडी घातलेली फोल्डिंग मात्र सामान म्हणून फुकट. हा एकच मुद्दा मला पुरेसा होता. सगळे बिजागरीला घाबरवतात, पण बिजागरी दणकट निघाली, कधी कुरकुरली सुद्धा नाही. सगळं दुखणं मागच्या चाकात.

पहिला स्पोक तुटला गासबेकला जाताना. ब्रसेल्सच्या नैऋत्येला पायोटनलँड म्हणून उंचसखल शेतांचा पट्टा आहे, तिथे अजूनही कितीतरी ठिकाणी जुनी दगडी फरसबंदी आहे. फोटोत छान दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक दगड मधे फुगलेला आणि कडांना झिजलेला, दोन दगडांमध्ये बोटभर फट, फटीत शेवाळ. मोठ्या चाकाची सायकल त्यावरून निघून जाते, २० इंची चाक प्रत्येक फटीत उतरतं आणि परत चढतं. उताराला टण्ण असा आवाज आला आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. स्पोक मधून तुटला नव्हता, हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) जिथे वाकवलेला असतो तिथे, चेनच्या बाजूला. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तरी गेलोच. गासबेकचा किल्ला १५६५ मध्ये काउंट एग्मोंटने विकत घेतला आणि जेमतेम तीन वर्षांत, ५ जून १५६८ ला, स्पॅनिश राजवटीने ब्रसेल्सच्या मुख्य चौकात त्याचं डोकं उडवलं. आजचं रूप मात्र बरंचसं १९ व्या शतकाच्या शेवटी मार्कीज आर्कोनाती व्हिस्कोंती या बाईंनी करून घेतलेलं, आणि १९२१ मध्ये त्यांनी सगळा किल्ला सामानासकट बेल्जियमला देऊन टाकला. जवळच सिंट-आना-पेडे गावात एक छोटं चर्च आहे, ब्रुगेल या जुन्या चित्रकाराच्या एकामागोमाग एक खड्ड्यात पडणाऱ्या आंधळ्यांच्या चित्रात मागे दिसतं तेच. ते चित्रही १५६८ चं. म्हणजे तिकडे चौकात एग्मोंटचं डोकं उडालं आणि त्याच वर्षीच्या चित्रात या गावाची माणसं खड्ड्याकडे चाललीयत. मी त्या चर्चसमोर बराच वेळ उभी होते. गाडीने आलो असतो तर त्या गावात थांबलोच नसतो, आणि सायकलचा पहिला उपयोग मला तिथे पटला.

आता दुकान. चाक घेऊन गेले तर उत्तर काय, तर फरसबंदीवरून चालवली म्हणजे हा नॉर्मल वापर नाही, वॉरंटीत बसत नाही, स्पोक आणि मजुरीचे पैसे पडतील. अहो, दुकानासमोरचा रस्ताच फरसबंदीचा! फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या या उत्तर भागात, सायकल विकायची आणि फरसबंदी चालणार नाही म्हणायचं हे मला आजही पटत नाही. नवरा म्हणाला सोड, किती पैसे जातायत. तेव्हा दिले. मग दुसरा तुटला, मग तिसरा, सगळे त्याच बाजूचे, सगळे हबजवळच. आमच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड फ्लेमिश आजोबांनी चाक फिरवून, स्पोक बोटांनी चिमटून बघितले आणि सांगितलं की फॅक्टरीत मशीनवर विणलेलं चाक आहे, ताण सारखा नाही. काही स्पोक सैल, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला ते ढिले पडतात, परत ताणले जातात आणि वाकलेल्या जागी हळूहळू थकून तुटतात. फरसबंदी नसती तरी तुटले असते, जरा उशिरा तुटले असते एवढंच.

मग मी चिडून कायदा वाचून काढला. बेल्जियममध्ये ग्राहकाला नव्या वस्तूवर दोन वर्षांची कायदेशीर गॅरंटी असते, दुकानाच्या वॉरंटी कार्डावर काहीही छापलेलं असो, आणि जबाबदारी विकणाऱ्याची, कंपनीकडे बोट दाखवून चालत नाही. जून २०२२ पासून तर दोषाच्या बाबतीत पूर्ण दोन वर्षं पुराव्याचा भार दुकानदारावर आहे, म्हणजे वस्तू मुळात चांगली होती हे त्याने दाखवायचं. हे मुद्दे, तुटलेल्या स्पोकचे क्लोजअप फोटो, बिल, सगळं ईमेलने पाठवलं आणि शेवटी एक ओळ टाकली की उत्तर आलं नाही तर ग्राहक लोकपालाकडे जाईन (तक्रार फुकट करता येते). दुकानात तोंडी भांडून काहीही झालं नव्हतं, त्या एका ईमेलवर मागचं चाक पूर्ण बदलून मिळालं, मजुरीसकट. नवीन येणाऱ्या मंडळींनी हे लिहूनच ठेवा, फ्रीज असो नाहीतर सायकल.

चाकाचं पुराण पुरे, आता नंबरांच्या पाट्यांबद्दल. सुरुवातीला मी हँडलला फोन लावून मॅपवर चालवायचे आणि या पाट्यांकडे बघायचेही नाही. मॅप सगळ्यात जवळचा रस्ता देतो आणि सत्तरच्या स्पीडने गाड्या जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आणून सोडतो. नंतर मत साफ बदललं. इथे सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्याला नंबर आहे, पुढच्या फाट्यांकडे बाण, आणि फाट्यावर नकाशाचा बोर्ड. नंबरांची माळ कागदाच्या पट्टीवर लिहून हँडलला चिकटवायची, की दिवसभर फोन खिशात. ही कल्पना पूर्वेकडच्या लिम्बुर्ग प्रांतातल्या खाणीत काम केलेल्या ह्युगो बोलन नावाच्या इंजिनिअरची. खाणीत बोगद्यांच्या फाट्यांना नंबर असायचे तसेच जमिनीवर द्यायचे. तिथली शेवटची कोळशाची खाण १९९२ मध्ये बंद झाली आणि १९९५ मध्ये पहिलं नेटवर्क सुरू झालं. खाणी बंद पडलेल्या भागाने जमिनीखालची अक्कल वर आणून सगळ्या देशाला आणि शेजारच्या नेदरलँड्सलाही दिली, याचं मला खूप कौतुक वाटतं. बोकरैकजवळ तळ्यातून वाट काढलीय, पाणी दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या पातळीला येतं आणि बदक शेजारून पोहत जातं. फोटोतल्यापेक्षा प्रत्यक्षात छान.

फोल्डिंगसाठी मला सगळ्यात आवडलेला पट्टा म्हणजे बिल्झेन ते टोंगेरेन. मधे आल्डन बीसेन, १२२० मध्ये ट्युटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेने वसवलेलं ठाणं, १९७१ च्या आगीत जळलं आणि मग सरकारने घेऊन परत उभं केलं. खंदक, पूल, आत प्रशस्त अंगण, आपल्याकडच्या भुईकोटांची सवय असलेल्याला रचना लगेच कळते. आजूबाजूला सफरचंद आणि पेअरच्या बागा, एप्रिलमध्ये सगळा भाग पांढरा-गुलाबी होतो. टोंगेरेनला रोमन तटबंदीचे अवशेष आहेत आणि चौकात सीझरच्या फौजेला धूळ चारणाऱ्या अँबिओरिक्स या इथल्या टोळीप्रमुखाचा पुतळा. रविवारी सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, पितळी कंदिलाचा मोह झाला तरी फोल्डिंगच्या कॅरिअरवर किती मावतं ते आधी आठवा.

बेर्सेलचा किल्ला स्टेशनपासून अगदी जवळ, तीन बुरूज, विटांचं बांधकाम, पाण्याने भरलेला खंदक. आम्ही बाहेरूनच बघितला, तरी आवडला.

दक्षिणेला, वलोनियात, चित्र बदलतं. नामूर ते दिनाँ म्यूझ नदीच्या काठाने जुनी बोटी ओढायची वाट आहे, सपाट, डांबरी, ७ गिअर निम्मेही लागत नाहीत. दिनाँला सॅक्सोफोनवाल्या आडोल्फ साक्सचा जन्म झाला म्हणून सगळे पुलावर फोटो काढतात, पण ऑगस्ट १९१४ मध्ये याच गावात जर्मन सैन्याने ६७४ सामान्य नागरिक मारले. ते वाचून वर चढा, सिटाडेलच्या, म्हणजे कड्यावरच्या किल्ल्याच्या, ४०८ पायऱ्या आहेत, सायकल खालीच ठेवा.

बुइयाँला मात्र ही सायकल नेऊ नका. स्टेशन नाही, लिब्रामाँहून पुढे बस, आणि रस्ते असे चढउताराचे की छोट्या चाकांवर जीव जातो आणि उताराला ब्रेक तापतात. पण किल्ला बघाच. सेमवा नदीच्या विळख्यात कड्यावर बसलेला, आणि गोडफ्रॉय दी बुइयाँने पहिल्या क्रुसेडला जायला पैसे हवेत म्हणून तो लिएजच्या बिशपकडे गहाण टाकला. परत आलाच नाही, किल्ला गहाणातच राहिला. आपल्या गडांची चढण ज्यांच्या पायात आहे त्यांना इथे बरं वाटेल.

सायकलचं म्हणाल तर टायर बदला, मी दीड इंचीचे काढून दोन इंची टाकले आणि हवा कंपनीच्या आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवते, फरसबंदीवर जमीन-अस्मानाचा फरक पडला. आणि नवीन घेतलीत तर पहिल्या दोनेकशे किलोमीटरनंतर मागच्या चाकाचा आउट (डगमग) काढून स्पोकचा ताण सारखा करून घ्या, वीसेक युरो जातात, माझी सगळी कटकट वाचली असती.

ओत फान्यला, म्हणजे पूर्वेकडच्या दलदलीच्या पठारावर, लाकडी फळ्यांच्या वाटा चालणाऱ्यांसाठी आहेत. कोरड्या दिवसांत आगीच्या भीतीने लाल झेंडे लावून आत जाणं बंद करतात, सकाळी निघायच्या आधी ते बघून घ्या, नाहीतर तीन तासांचा प्रवास फुकट. बोत्रांज हा देशातला सगळ्यात उंच बिंदू, ६९४ मीटर.

त्याच भागातून जाणारी व्हेनबान ही जर्मनीतल्या आखेनपासून लक्झेंबर्गमधल्या त्रुआव्हिएर्जपर्यंतची १२५ किलोमीटरची वाट आता डोक्यात आहे. जुन्या रेल्वेलाइनवर काढलीय म्हणून चढ दोन टक्क्यांच्या आतच, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहानंतर रुळांची पट्टी बेल्जियमला मिळाल्यामुळे जर्मनीचे तुकडे पलीकडे अडकून पडलेत, ते सीमेचे दगड मला बघायचेत. वाटेत मुक्काम करावा लागेल, म्हणजे मागे सामान आलं. २० इंची चाकावर कोणी केली असेल तर कॅरिअरवर किती किलो टाकले होते आणि स्पोक टिकले का, एवढं नक्की सांगा.