नो मॅन्स स्काय : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत खेळल्यावरचा अनुभव

दिवाळीच्या सेलमध्ये घेतला होता, आता पावसाळा लागलाय आणि अजून चालूच आहे, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. सरळ सांगते, हा गेम यानात बसून बघितलात तर पंधरा दिवसांत कंटाळाल, आणि पायी बघितलात तर पुरून उरेल. बऱ्याच जणांनी 'सगळे ग्रह सारखेच वाटतात' म्हणून सोडून दिलेला मी बघितलाय आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण ते बहुतेक सगळे उडत उडत खेळलेले असतात.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, यानातून अंतराळात हिंडायचं आणि वेगवेगळ्या ग्रहांवर उतरून फिरायचं असा हा व्हिडिओ गेम. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स नावाच्या छोट्या स्टुडिओने ऑगस्ट २०१६ मध्ये हा काढला. तेव्हा लोक प्रचंड चिडले होते, कारण स्टुडिओचा प्रमुख शॉन मरी याच्या मुलाखतींमधून जे जे अपेक्षित होतं त्यातलं बरंच आत नव्हतं, पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. पण टीमने गेम टाकून दिला नाही, वर्षानुवर्षं अपडेट देत राहिले, सगळे फुकट. २०१८ च्या नेक्स्ट अपडेटमध्ये खरं मल्टिप्लेयर आलं, २०२४ मध्ये वर्ल्ड्स पार्ट वन आला तेव्हा ढग आणि पाणी पूर्ण बदललं. त्यामुळे आज जो विकत घ्याल तो २०१६ चा गेम नाहीच, तेव्हाचे व्हिडिओ बघून मत बनवू नका.

आता तो मोठा आकडा. ग्रह आहेत १८,४४६,७४४,०७३,७०९,५५१,६१६. दोनाचा ६४ वा घात. सेकंदाला एक बघायचा म्हटलं तरी ५८५ अब्ज वर्षं लागतील आणि आपल्या खऱ्या विश्वाचं वय आहे १३.८ अब्ज. एवढं सगळं कुठे साठवून ठेवलेलं नसतंच. प्रत्येक ग्रहाचा एक आकडा असतो, तुम्ही जवळ गेलात की त्या आकड्यावरून डोंगर, गवत, प्राणी सगळं तिथल्या तिथे गणिताने तयार होतं, तुम्ही निघून गेलात की पुसलं जातं आणि परत आलात की तसंच्या तसं उभं राहतं. मी कोथरूडमध्ये बसून बघितलेला डोंगर तुम्ही नागपुरातून बघाल तर तोच डोंगर तीच गुहा. म्हणूनच डाउनलोडही आजकालच्या मोठ्या गेम्सच्या मानाने बराच छोटा आहे. पण हा आकडा हे गेम घ्यायचं कारण नाही असं माझं मत आहे. एवढ्या ग्रहांचं आपण करणार काय, मला तर एकच चांगला मिळाला की आठवडे जातात.

पायी का म्हणते ते सांगते. यान जोरात जात असताना जमिनीचे बारकावे नीट उभे राहिलेलेच नसतात, लांबून रंगाचे पट्टे दिसतात, झाडं आणि खडक अगदी जवळ गेल्यावर उगवल्यासारखे येतात, प्राणी तर वरून कळतच नाहीत. मग माणूस काय करतो, तर उतरतो, तांबं किंवा सोडियम गोळा करतो, परत उडतो. हिरवा ग्रह झाला, निळा झाला, पुढचा. आणि मग म्हणतो सगळं सारखंच आहे. उतरून यानापासून लांब चालायला लागलात की पहिल्यांदा कळतं की समोरची धार चढायला किती वेळ लागतोय, जेटपॅक किती पुरतोय, पलीकडे काय असेल.

मला डिसेंबरच्या आसपास एक विषारी हवेचा ग्रह सापडला, नारिंगी गवत, हिरवट धुकं, आणि मधोमध एकामागे एक अशा डोंगरधारा. इंग्रजी अक्षरांतच पण मी त्याचं नाव तोरण्याच्या पायथ्याच्या गावावरून वेल्हे ठेवलं, कारण पहिली धार बघून मला तोरण्याची झुंजार माचीच आठवली. (ग्रहांना, प्राण्यांना आपण नावं देऊ शकतो आणि अपलोड केली की नंतर येणाऱ्यालाही तीच दिसतात.) तिथे यान खाली ठेवून वर जायचं ठरवलं. अर्ध्यात वादळाचा इशारा आला, सूटचं संरक्षण झरझर उतरायला लागलं, ते परत भरायला सोडियमची पिवळी चमकणारी फुलं शोधत शोधत पळाले, शेवटी टेरेन मॅनिप्युलेटरने, म्हणजे जमीन खणायच्या अवजाराने, उतारात भोक पाडून आत शिरले तर आत खरीखुरी गुहा निघाली, लांब, चमकणाऱ्या वनस्पती असलेली, आणि तिच्यातून चालत चालत मी धारेच्या पलीकडच्या बाजूला बाहेर आले. ही गुहा कोणी माणसाने बसून बनवलेली नाही. तिच्यात यायला कुठलं मिशन नव्हतं, नकाशावर खूण नव्हती, ती फक्त तिथे होती. हरिश्चंद्रगडावर पावसात गुहेत थांबलेल्यांना कळेल मी काय म्हणतेय ते, बाहेर वादळ घोंगावतंय आणि आपण आत कोरडे, त्या वेळी वाटतं तेच अगदी वाटलं. वादळ ओसरल्यावर वरून दरी बघितली तेव्हा मी खरोखर खुर्चीतून पुढे सरकून बघत होते.

हाच ग्रह यानातून मी आधी दोनदा ओलांडून गेले असेन, तेव्हा तो फक्त नारिंगी होता.

आता खटकणाऱ्या गोष्टी, आणि त्या आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे एका ग्रहाला एकच हवामान. बर्फाचा असेल तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत बर्फच, वाळवंट तर वाळवंटच. आपल्याला हे फार जाणवतं, कारण पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस आणि गाडीने दीड-दोन तासांवरच्या ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट, एवढ्याशा अंतरात झाडं बदलतात, मातीचा रंग बदलतो, घरांची छपरं बदलतात. गेममध्ये तुम्ही ग्रहाच्या दुसऱ्या टोकाला गेलात तरी तेच गवत. दुसरं म्हणजे वाहतं पाणी. समुद्र सुंदर आहेत, तळी आहेत, पण इतके महिने फिरून मला एकही ओढा किंवा धबधबा भेटलेला नाही, आणि सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ओढा नसलेला डोंगर अपुराच वाटतो. दिवस-रात्रही साधारण अर्ध्या तासात संपते, म्हणजे धार चढेपर्यंत अंधार. प्राण्यांचे सांधे जुळवलेले आहेत हे काही काळाने ओळखू यायला लागतं, हे डोकं मागे कुठेतरी बघितलंय, हे पाय त्या दुसऱ्याचे. मला त्याचा फार त्रास होत नाही पण काहींना होईल.

आकाशाबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. गेममध्ये मान वर केली की दोन-तीन ग्रह एवढे मोठे आणि एवढे जवळ लटकलेले दिसतात की प्रत्यक्षात ते एकमेकांना ओढून घेतील, शिवाय ते सूर्याभोवती फिरतच नाहीत, जिथल्या तिथे असतात. खऱ्या आकाशाची आवड असलेल्यांना हे पहिल्या दिवशीच खुपतं. मलाही खुपलं होतं. पण याच गेममुळे मी खऱ्या परग्रहांबद्दल वाचायला लागले, सूर्याव्यतिरिक्त दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ६,०००च्या वर ग्रह आजपर्यंत नक्की झालेत, आणि त्यातल्या एकाचं नाव पुण्यातून गेलेलं आहे हे मला माहीतच नव्हतं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने देशोदेशी एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव द्यायला दिला होता, भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ आला. ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींच्या नावावरून बिभा म्हटलं गेलं आणि ग्रहाचं संतमस हे नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवलेलं. गुरूपेक्षा जड ग्रह, ताऱ्याला इतका चिकटून की त्याचं वर्ष दोन दिवसांच्या थोडं वर. २०२५ च्या जानेवारीत गेममध्येही वायूचे महाकाय ग्रह आले, ढगांतून खाली खाली जात त्यांच्या गाभ्यावर उतरता येतं. खऱ्या संतमसवर पाय ठेवायला अशी जमीन मिळणार नाही. तरीही त्या ढगांतून उतरताना माझ्या डोक्यात तोच होता.

माझा भाचा शनिवार-रविवार येतो तेव्हा तोही खेळतो. त्याला लढाई नको, डोंगर नकोत, त्याला प्राणी हवेत. व्हायझर म्हणजे स्कॅन करायची काच लावून एकेक प्राणी स्कॅन करायचा, ग्रहावरचे सगळे झाले की बक्षीस म्हणून नॅनाइट्स (गेममधलं एक चलन) मिळतात, पण शेवटचा एक हमखास गुहेत किंवा पाण्याखाली दडलेला असतो. "मावशी, तू थांब, मी खाली बघतो" म्हणून तो तासभर गुहा धुंडाळतो. परग्रहवासीयांची भाषाही त्याला जास्त येते. गेक, कोर्वॅक्स, व्हायकीन हे लोक सुरुवातीला काय बोलतात काहीच कळत नाही, दगडांवरून आणि लोकांकडून एकेक शब्द शिकत जायचं, मग हळूहळू वाक्यातले दोन शब्द उलगडतात, मग चार. तो ते शब्द वहीत लिहितो. मराठीच्या वहीच्या मागच्या बाजूला, पण ते त्याच्या आईला सांगू नका.

घेणार असाल तर थोडं कामाचं. डिफिकल्टी आता हवी तशी लावता येते, वेगवेगळ्या गोष्टींसाठी वेगवेगळी. मी वादळं आणि हवा कडक ठेवली आणि सेंटिनेल म्हणजे ते पहारेकरी ड्रोन एकदम सौम्य केले, चालायला मजा यायची असेल तर हवेची भीती हवी आणि गोळीबार नको, असं माझं मत. मुक्का मारून त्याच क्षणी जेटपॅक दाबला की लांब झेप मिळते, हे लवकर शिका, पायी फिरण्याचा अर्धा आनंद त्यात आहे. स्कॅनरचे चांगले मॉड्यूल आधी बसवा, नुसतं चालत, बघत, स्कॅन करत भरपूर युनिट्स म्हणजे गेममधले पैसे जमतात, खाणकाम करायची गरजच पडत नाही. यानातून उतरलं की सेव्ह होतं, पण लांब चालणार असाल तर सेव्ह बीकन, म्हणजे कुठेही ठेवून सेव्ह करता येणारं यंत्र, जवळ ठेवा, आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते आणि डेस्कटॉपवर खेळणाऱ्याला हे लक्षात ठेवावंच लागतं. डोंगर खणून घर बांधू नका, खणलेली माती नंतर पुन्हा भरून येते, घर जमिनीवर किंवा खांबांवर बांधा. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर ढगांची सेटिंग उतरवा, फरक लगेच दिसतो. हेडफोन लावा, ६५ डेज ऑफ स्टॅटिक या बँडचं संगीत आहे आणि ते तुम्ही काय करताय त्यानुसार बदलत जातं.

मला सध्या उभ्या कड्यांचा ग्रह हवाय. कोकणकड्यासारखा, खाली बघितलं की पोटात गोळा येईल असा, गोल टेकड्या खूप बघून झाल्या. पोर्टलची (चिन्हांचा पत्ता दिला की थेट लांबच्या ग्रहावर नेणारं दार) सगळी १६ चिन्हं माझ्याकडे आहेत, त्यामुळे गेममधल्या युक्लिड आकाशगंगेतला कुठलाही १२ चिन्हांचा पत्ता चालेल. हवा विषारी असली तरी चालेल, वादळं असली तर उत्तमच, फक्त तुम्ही स्वतः तिथे चालून आलेले असाल तर सांगा.