हेल्मेटची सक्ती की वेगळी मार्गिका?

शहरी सायकलस्वाराला सुरक्षित ठेवण्यासाठी ऑस्ट्रेलियाने डोके झाकण्यावर भर दिला, तर नेदरलँड्सने रस्ताच बदलला. व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. हा नियम स्वस्त, लगेच लागू होणारा, आणि पडल्यावर डोक्याची इजा हेल्मेटने कमी होते हेही खरेच. मात्र मेलबर्नमध्ये २०१० साली भाड्याच्या सायकली आल्या, तेव्हा वाटेत सायकल उचलणाऱ्याने हेल्मेट आणायचे कुठून, असा पेच उभा राहिला आणि पुढे सायकलींसोबतच हेल्मेटेही ठेवावी लागली.

नेदरलँड्समध्ये साध्या सायकलीला हेल्मेटची सक्ती नाही. तिथे निळ्या गोल फलकावर पांढरी सायकल दिसली, की मार्गिकेतूनच जाणे बंधनकारक असते. आयताकृती फलक असेल तर ते ऐच्छिक. लालसर डांबराची ही वाट मोटारींपासून अलग राखलेली असते, अर्थात तिच्यासाठी जागा, पैसा आणि काही दशकांचा धीर लागतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधील हेल्मेटसक्ती सायकलला लागू नाही. पुण्यात मार्गिका आहेत. पण त्यांत लावलेल्या दुचाकी चुकवत मुख्य रस्त्यावर उतरावे लागते, तेव्हा माझा कौल मोकळ्या मार्गिकेलाच जातो. हेल्मेट मी घालतो, परंतु मागून येणारी बस त्याने थांबत नाही.