ग्वाल्हेरच्या थंडीत स्मार्ट लॉक: बोटाचं घ्यावं की बटणांचं?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. पहाटेचे सहा, आणि धुकं असं की समोरचं घर दिसत नव्हतं. सासूबाई दूध घेऊन आल्या आणि दाराबाहेरच अडकल्या. बोट टेकवलं, लाल दिवा. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. काचेवरचे आकडे दाबावेत तर हातात लोकरीचे मोजे. मी उठून जाईपर्यंत त्यांनी बोटावर वाफ सोडून, ते पदराला घासून कसंबसं दार उघडलं होतं. म्हाताऱ्या माणसाला आपल्याच घराबाहेर कुडकुडत उभं राहावं लागलं, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

ते लॉक होतं मॉर्टिस, म्हणजे दाराच्या जाडीत खाच पाडून बसवायचं, हँडलसकट. आता आमच्याकडे दाराच्या आतून स्क्रूने बसणारं रिम लॉक आहे, बाहेर खरीखुरी दाबायची बटणं आणि किल्लीचं भोक. दोन्ही वापरून झाल्यावर सांगते: घरात वयस्कर माणसं असतील तर बटणांचंच घ्या.

कारण साधं आहे. बोट ओळखणाऱ्या बहुतेक लॉकना त्वचेतला थोडा ओलावा लागतो. आपली थंडी कोरडी, त्यात भांडी-धुणं करून बोटं भेगाळलेली, आणि वयानुसार रेषाही झिजतात. चार-पाचदा चुकलं की बरीचशी लॉक काही मिनिटं कुणालाच दाद देत नाहीत. तरीही बोटाचंच हवं असेल तर नोंदणी दुपारी ऊबेत न करता थंडीतल्या सकाळी करा, आणि एकच बोट दोनदा नोंदवा. बराच फरक पडतो.

आता लॉक ज्यावर चालतं ते सेल. माझा मावसभाऊ कॅल्गरीला असतो, तिथे पारा उणे 25 पर्यंत उतरतो, तरी त्याचं लॉक चालतं. सेल असतात दाराच्या आतल्या बाजूला आणि घर तापवलेलं असतं, बाहेर काहीही असो. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत बोळ आणि ओसरी तापवतं कोण? बाहेर 4 अंश असले की आतही गारठाच. थंडीत अल्कलाइन सेल मंदावतो, बोल्ट सरकवणारी लॉकची मोटर एकदम जोर मागते आणि व्होल्टेज पडतं. नवे सेल आपल्या थंडीला सहज पुरतात; साधारण उणे 18 पर्यंत चालतील असेच ते केलेले असतात. दगा देतात ते अर्धे वापरलेले. 1.5 व्होल्टचे लिथियम सेल उणे 40 लाही चालतात, पण त्यांचं व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतं आणि मग अचानक कोसळतं, त्यामुळे ‘सेल बदला’ची सूचना उशिरा मिळते. कॅल्गरीला ते हवेतच. इथे गरज नाही. चार्ज होणारे 1.2 व्होल्टचे सेल तर घालूच नका, लॉकला ते पहिल्या दिवसापासून उतरलेले वाटतात.

फाटकावर बोटाचं छोटं कुलूप लावायचा विचार असेल तर सोडून द्या. त्यातली लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली किंवा 45 अंशांवर चार्ज करू नये म्हणतात, आणि मे महिन्यात आपल्या लोखंडी फाटकाला हात लावून बघा.

लॉक कुठलंही असो, खरी कसोटी बसवण्यात आहे. लाकूड श्रावण-भाद्रपदात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. आमच्या मिस्त्रीने मे महिन्यात बोल्ट अगदी घट्ट बसवला आणि पावसाळ्यात मोटर कण्हायला लागली. शेवटी चौकटीवरच्या पट्टीचं भोक कानशीने दोन मिलिमीटर रुंद केलं, आतली खाचही खोल केली, तेव्हा आवाज थांबला. म्हणून आधी किल्लीने बोल्ट फिरवून पाहा. दार ओढून किंवा खांदा लावून बंद करावं लागत असेल तर मोटर बसवण्याआधी बिजागऱ्या आणि रंधा. मॉर्टिस घेणार असाल तर दाराची जाडी मोजून दुकानात जा, पातळ फ्लश डोअरला ते बसत नाही. दोन पल्ल्यांच्या जुन्या सागवानी दारासाठी रिमच. एक पल्ला वरच्या-खालच्या कडीने पक्का करायचा. त्या लाकडात एवढी मोठी खाच पाडायला माझा तरी हात धजावणार नाही.

वायफाय नसलं तरी चालतं. लाइट गेली की राउटर बंद पडतो, पण नंबर लॉकमध्येच साठवलेला असतो, दार उघडतं. शिवाय वायफाय सेल लवकर संपवतं. मुलाला पुण्याहून दार उघडून द्यायचं असेल तरच घ्या, आणि मग राउटर इन्व्हर्टरवर टाका.

आमच्याकडे भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी चारही सेल बदलतात, जुने असतील तसे रिमोट आणि घड्याळात जातात. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असते.