सात महिने कागदी स्कोअरबुक: नव्या क्रीडा पत्रकारांसाठी वापरानंतरचा अनुभव

नाशिकच्या एचपीटी महाविद्यालयातून किंवा मुक्त विद्यापीठातून पत्रकारिता शिकताना क्रीडा पानाकडे वळायचं ठरवलं असेल, तर कॅमेऱ्याआधी क्रिकेटचं कागदी स्कोअरबुक घ्या. गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, सात महिने मोबाइलचं स्कोअरिंग अ‍ॅप आणि कागदी वही शेजारी-शेजारी वापरून बनलेलं हे ठाम मत आहे.

अ‍ॅप बेरीज आपोआप करतं, हे खरंच सोयीचं. पण बातमीदाराला बेरजेइतकीच खात्रीही लागते, आणि ती हाताने ताळा जुळवल्यावरच येते. समजा एकूण १४३. फलंदाजांच्या १२८ आणि अवांतर १५ (वाइड ७, नो-बॉल २, बाय २, लेग बाय ४). वाइड आणि नो-बॉलच्या धावा गोलंदाजाच्या खात्यात जातात, बाय आणि लेग बायच्या जात नाहीत. म्हणून गोलंदाजांची बेरीज १३७ यायला हवी. त्यात बाय-लेग बायच्या ६ मिळवल्या की १४३. गोलंदाजांची बेरीज १३७ ऐवजी १४१ आली, तर आधी लेग बायचा चौकार तपासा. बहुतेक वेळा तो गोलंदाजाच्या नावावर पडलेला असतो. धावबाद गोलंदाजाच्या बळींत धरायचा नाही. फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत वाइड मोजायचा नाही, नो-बॉल मोजायचा.

एक चूक मात्र ताळाही पकडत नाही: एका फलंदाजाची धाव दुसऱ्याच्या नावावर लागली, तरी बेरीज जुळतेच. त्यासाठी दर षटकाअखेर स्ट्राइकवर कोण आहे ते पाहा आणि अधिकृत स्कोअररशी आकडे पडताळा. ही चूक अ‍ॅपमध्येही होते; वापरलेल्या अ‍ॅपमध्ये तर ती सुधारायला पुढचे चेंडू एकेक करून पुसत मागे यावं लागायचं.

सर्वांत मोठा फायदा रंगीत पेन्सिलींनी झाला. प्रत्येक गोलंदाजाला एक रंग, आणि फलंदाजाच्या ओळीतही त्याच रंगाने नोंद. डाव संपल्यावर कोणता फलंदाज कोणापुढे अडकला, सलग किती चेंडू निर्धाव गेले, हे पान उघडताच दिसतं. बातमीचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, तिथेच सापडतो. ‘चुरशीच्या सामन्यात विजय’ असं मोघम लिहायची वेळ येत नाही.

तोटेही आहेत. शाईचं पेन घामाने आणि पावसाच्या थेंबांनी पसरतं. पन्नास षटकांसाठी आखलेलं पान रणजीच्या चार दिवसांच्या सामन्याला पुरत नाही. गोलंदाजांचे रकाने आधी संपतात, जोडपान लावावं लागतं.

शिवाय धावपटू कविता राऊत, नौकानयनपटू दत्तू भोकनळ, बुद्धिबळपटू विदित गुजराथी यांच्या नाशिक जिल्ह्यात नुसतं क्रिकेट येऊन भागत नाही. धावणं, नौकानयन, बुद्धिबळ यांना हे स्कोअरबुक निरुपयोगी. साधी आखीव वही ठेवा. शर्यतीची वेळ हाताच्या घड्याळावरची आहे की इलेक्ट्रॉनिक, हे वेळेपुढेच लिहा. हाताची ११.२ सेकंद वेळ ११.२० अशी छापू नका. त्या शून्याने ती शतांश सेकंदापर्यंत मोजल्याचा चुकीचा अर्थ निघतो.

घेताना स्पायरलची वही बघा. चिकटवलेली वही मांडीवर सपाट उघडी राहत नाही, आणि ऐन षटकात पान मिटतं.