सीबीडी बेलापूरची एक सीएचए पेढी आणि न्हावा शेवाच्या शुल्क-आकारांचा हिशेब

रबाळे एमआयडीसीतील आमच्या लहान कारखान्यासाठी परदेशातून येणारा माल न्हावा शेवा बंदरातून सोडवून आणण्याचे काम सीबीडी बेलापूर येथील एका कस्टम्स ब्रोकर पेढीकडे आहे. या व्यवसायाला बंदराच्या परिसरात आजही सीएचए (कस्टम हाउस एजंट) असेच म्हटले जाते. पेढीचे नाव न देता हे परीक्षण लिहीत आहे, कारण पुढील तक्रारींपैकी बऱ्याच नवी मुंबईतील अशा इतर पेढ्यांनाही लागू पडतील.

आयातदाराला खरी मदत लागते ती माल सोडवण्यापेक्षाही बिल समजून घेण्यासाठी. एका कंटेनरमागे टर्मिनल, शिपिंग लाइन (जहाज कंपनी), सीएफएस (बंदराबाहेरील कंटेनर साठवण-हाताळणीचे आवार), सीमाशुल्क विभाग, ट्रेलरमालक आणि स्वतः एजंट असे अनेक जण पैसे घेतात, आणि बहुतेक एजंट हे सारे एकाच कागदावर, एकाच बेरजेत मांडतात. या पेढीचे बिल मात्र दोन भागांत येते. इतरांना आमच्या वतीने भरलेली रक्कम एका भागात मूळ पावत्यांसह असते, तर पेढीची स्वतःची एजन्सी फी दुसऱ्या भागात वेगळी दाखवलेली असते. हा फरक केवळ नीटनेटकेपणाचा नाही. एजंटाने ‘प्युअर एजंट’ म्हणून आमच्या वतीने भरलेल्या रकमेवर, नियमांतील अटी पाळल्या असतील तर, त्याला पुन्हा जीएसटी लावावा लागत नाही; आणि लाइन किंवा सीएफएस यांचे बिल थेट आमच्या जीएसटी क्रमांकावर निघाले, तर त्या कराची वजावट आम्हाला सरळ मिळते. पेढी डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात देण्याचा लाइनचा आदेश) घेतानाच आमचा जीएसटी क्रमांक लाइनकडे नोंदवते, यासाठी तिला पूर्ण गुण द्यावे लागतील.

सर्वाधिक गोंधळ होतो तो ग्राउंड रेंट आणि डिटेन्शन यांत, आणि येथेच या पेढीच्या कामाचा कस लागतो. माल भरलेला कंटेनर सीएफएसच्या आवारात मोफत मुदतीपेक्षा जास्त राहिला, तर जागेचे भाडे म्हणून ग्राउंड रेंट लागतो आणि तो सीएफएसला जातो. व्यवहारात पुष्कळ लोक यालाच डॅमरेज म्हणतात. डिटेन्शन शिपिंग लाइनला जाते, कारण कंटेनर हा पेटारा तिच्या मालकीचा असतो आणि तो रिकामा होऊन तिने सांगितलेल्या एम्प्टी यार्डात परत पोहोचेपर्यंत तिचे घड्याळ चालूच राहते. ही दोन घड्याळे स्वतंत्र आहेत. सीएफएसमधून कंटेनर वेळेत बाहेर काढला, परंतु कारखान्यात माल उतरवायला उशीर झाला, किंवा ऐन वेळी यार्ड बदलल्यामुळे ट्रेलर दुसरीकडे पाठवावा लागला, तर ग्राउंड रेंट शून्य असूनही डिटेन्शन लागू शकते. त्यातच डिटेन्शनचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात आणि ते अनेकदा डॉलरमध्ये सांगितले जातात. त्यांचे रुपयांत रूपांतर लाइन स्वतःच्या विनिमय दराने करते, जो सीमाशुल्क मूल्यांकनासाठी अधिसूचित झालेल्या दराशी जुळेलच असे नाही. पेढीने दोन्ही मुदतींच्या शेवटच्या तारखा आम्हाला आगाऊ लेखी कळवाव्यात, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवले होते. सीएफएसची तारीख नियमित येते. लाइनची तारीख मात्र विचारल्याशिवाय येत नाही, आणि रविवार व सुट्ट्याही साधारणपणे मोफत दिवसांतच मोजल्या जातात, याची आठवण एखाद्या जोडसुट्टीच्या तोंडावर आम्हालाच करून द्यावी लागते.

बिल ऑफ एन्ट्रीच्या, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे दाखल करायच्या आयात-नोंदपत्राच्या बाबतीत पेढी चोख आहे. जहाज येण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरपर्यंत बिल दाखल झाले नाही, तर कायद्यानुसार पहिले 3 दिवस दररोज 5,000 रुपये आणि त्यानंतर दररोज 10,000 रुपये विलंबशुल्क लागते. लहान आयातदाराच्या नफ्याचा मोठा हिस्सा यातच जाऊ शकतो. पेढीचे लोक इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मिळताच एचएस कोडबाबत (मालाच्या वर्गीकरण क्रमांकाबाबत) प्रश्न विचारतात, कधी थोडे जास्तच विचारतात, पण त्यामुळे नंतरच्या शंका टळतात. टीएचसी (टर्मिनलमधील हाताळणीचा आकार), डिलिव्हरी ऑर्डर, मजुरी, सील कापणे, स्कॅनिंगसाठी निवड झाल्यास होणारी वाढीव वाहतूक या ओळी अपेक्षेप्रमाणेच असतात आणि त्यांवर वाद झालेला नाही.

नाराजी आहे ती ‘सन्ड्री एक्स्पेन्सेस’ (किरकोळ खर्च) या ओळीबद्दल. रक्कम मोठी नसते, परंतु तिला पावती नसते; विचारले तर ‘साहेब, पोर्टचा खर्च असतो’ एवढेच उत्तर मिळते. बंदर प्राधिकरणाचे आणि टर्मिनलांचे दरपत्रक उघडपणे उपलब्ध असताना हे उत्तर पुरेसे वाटत नाही. दुसरे असे की, आमचा बराच माल थेट बंदरातून कारखान्यात आणता येईल, म्हणजे डीपीडीने येईल, असा असूनही पेढीने हा मार्ग स्वतःहून सुचवला नाही. सीएफएसची पायरी गाळली, तर तेथील हाताळणीचा खर्च वाचतो. मात्र बंदरातून कंटेनर ठरलेल्या मुदतीत उचलण्यासाठी ट्रेलर आणि शुल्कभरणा आधीच तयार ठेवावा लागतो. एजंटाची धावपळ वाढते, हे समजते, पण निवड आयातदाराला करू द्यायला हवी.

महिन्याला मोजके पूर्ण कंटेनर आणणाऱ्या आणि स्वतःच्या लेखा विभागाकडून प्रत्येक पावती तपासून घेणाऱ्या कारखान्याला ही पेढी उपयुक्त ठरेल. एलसीएल म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये थोडाच माल आणणाऱ्यांनी मात्र काम देण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक मागावे, कारण अशा मालावर फॉरवर्डरचे (मालवाहतूक जुळवणाऱ्या मध्यस्थाचे) डिस्टफिंग, म्हणजे कंटेनरमधून माल काढणे, आणि कागदपत्रे यांचे आकार स्वतंत्रपणे लागतात आणि या पेढीच्या तोंडी अंदाजात ते धरलेले नसतात.